मानववंशशास्त्र शिकायचंय? मराठवाड्यातून सारखे येणारे प्रश्न

निकाल लागले की माझा फोन तापायला लागतो. कुणाच्या तरी चुलतभावाकडून नंबर मिळालेला असतो आणि सुरुवात ठरलेली, "ताई, ते अँथ्रोपॉलॉजी का काय ते तुम्ही केलंय ना?" केलंय बाबा. परभणी जिल्ह्यातल्या कॉलेजात समाजशास्त्रात बीए, मग पुण्याला एमए, आणि तेव्हापासून या ना त्या प्रोजेक्टवर गावोगाव फिरते. प्रत्येकाला व्हॉइस नोट पाठवून घसा बसला म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. फी, तारखा, जागा दरवर्षी बदलतात, त्या मला विचारू नका, त्या-त्या युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवर बघा.

१. मानववंशशास्त्र म्हणजे जंगलात जाऊन आदिवासींचा अभ्यास करायचा, असंच ना?

तेही आहे, पण तेवढंच नाही. माणूस नावाचा प्राणी घडला कसा इथपासून तो लग्न कुणाशी करतो, मेल्यावर जाळतात का पुरतात, भांडण कुणासमोर मिटवतात इथपर्यंत सगळं यात येतं. ढोबळ चार फांद्या धरतात: सामाजिक-सांस्कृतिक, शारीरिक (म्हणजे हाडं, उत्क्रांती, जनुकं), पुरातत्त्व आणि भाषा.

घरातलंच उदाहरण घ्या. आमच्याकडं नवी सून सासूला आत्या म्हणते आणि सासऱ्याला मामा. सासू खरीखुरी आत्या नसली तरी म्हणते. आता जरा गणित मांडून बघा, सासू जर आत्या तर नवरा झाला आत्याचा पोरगा, म्हणजे नवऱ्याच्या बाजूनं बघितलं तर बायको झाली मामाची पोरगी, आणि आत्याच्या नवऱ्याला आपण मामाच म्हणतो त्यामुळं सासराही बरोबर बसला. म्हणजे लग्न लांबच्या सोयरिकीत झालं तरी हाक मारताना मामाच्या पोरीशी लग्न झाल्यासारखीच मारायची. उत्तरेत असलं लग्न म्हणलं की लोक कानावर हात ठेवतात, दक्षिणेत ते सरळ चालतं, आणि महाराष्ट्र मधे अडकलाय. पुण्याच्या मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ च्या पुस्तकात देशभरातल्या नात्यांचा असाच नकाशा मांडलाय. मला हा विषय आवडला तो या आत्यामुळं, जंगलबिंगल नंतर आलं.

२. मग समाजशास्त्रात आणि यात फरक काय? आमचे सर म्हणतात एकच आहे.

सरांचं पूर्ण चूक नाही. भारतात हे दोन्ही विषय एकमेकांच्या घरात राहूनच वाढले. मुंबईत घुर्ये समाजशास्त्राचे प्रमुख, पण त्यांनी जाती-जमातींवर लिहिलं, आणि त्यांचे विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास एका गावात जाऊन राहिले. फरक सांगायचाच तर दोन सांगते. एक, मानववंशशास्त्रात शरीराचा भाग असतो, कवटी, दात, रक्तगट, उत्क्रांती, तो समाजशास्त्रात नसतो. दोन, इथं फॉर्म भरून घेण्यापेक्षा तिथं जाऊन राहण्यावर जोर असतो (ते प्रश्न ६ मध्ये). बीएला समाजशास्त्र असेल तर निम्मा रस्ता चालून झालाय असं समजा.

३. तेरला खोदकाम झालंय तसलं काम यात असतं का?

तसलं काम हवं असेल तर सरळ पुरातत्त्वाला जा. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर, तिथलं म्युझियम बघून पोरांना हे वेड लागतं, मलाही लागलं होतं. पुण्याचं डेक्कन कॉलेज त्यासाठी प्रसिद्ध आहे. मानववंशशास्त्रात पुरातत्त्व असतं पण ते मुख्यतः लिहिणं-वाचणं नसलेल्या काळाचं, दगडी हत्यारं वगैरे. आणि डायनासोर कुठंच नाहीत, दरवर्षी एकजण तरी विचारतोच.

४. मी बीकॉम / बीएस्सी / इंजिनिअरिंग केलंय. एमएला घेतील का?

बहुतेक ठिकाणी कुठल्याही शाखेची पदवी चालते. पुण्यात एमए आणि एमएस्सी दोन्ही आहे, त्यात साधारण सायन्सवाले एमएस्सीकडं जातात. बीएस्सी झालेल्यांना शारीरिक भाग सोपा जातो, आर्ट्सवाल्यांना जनुकं आणि हाडांची नावं पाठ करताना घाम फुटतो. माझ्यासोबत एक मेकॅनिकल इंजिनिअर होता, त्याला नात्यांचे तक्ते सगळ्यात भारी जमायचे, म्हणायचा सर्किटच आहे हे.

५. मराठवाड्यात कुठं शिकता येतं? पुण्याला राहणं परवडणार नाही.

हे आवघड जागेचं दुखणं आहे. आपल्याकडं जवळपास प्रत्येक कॉलेजात समाजशास्त्र सापडतं, पण मानववंशशास्त्र हुडकायला गेलं की हात रिकामे येतात. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा कॅम्पस आहे, ग्रामीण विकास, समाजकार्य वगैरे तिथं चांगलं शिकवतात, घरापासून जवळ पडतं, पण ती डिग्री मानववंशशास्त्राची नाही हे आधीच लक्षात ठेवा.

खरे पर्याय असे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात स्वतंत्र डिपार्टमेंट आहे. हैदराबादच्या सेंट्रल युनिव्हर्सिटीत आहे, आणि नांदेड-लातूरच्या पोरांनो, तुम्हाला हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ पडतं, रेल्वे आहे, तरी सगळे पुण्याकडंच बघतात. सेंट्रल युनिव्हर्सिटीला सीयूईटी पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. दिल्ली आणि कलकत्ता ही जुनी नावं, कलकत्त्यात तर हा विषय शंभर वर्षांपासून शिकवतात. घर, शेती किंवा नोकरी सोडणं शक्यच नसेल तर इग्नूची एमए आहे, घरी बसून होते. तिची डिग्री चालते, पण बोट धरून फील्डवर नेणारं कुणी नसतं, तेवढं स्वतः भरून काढावं लागतं.

पैशाचं म्हणाल तर हॉस्टेलला नंबर लागला की अर्धी चिंता मिटते आणि समाजकल्याणची पोस्टमॅट्रिक शिष्यवृत्ती असते. फॉर्म ॲडमिशनच्या आठवड्यातच भरा, "बघू नंतर" म्हणणाऱ्यांचं वर्ष मेसच्या उधारीत जातं.

६. फील्डवर्क फील्डवर्क म्हणतात ते म्हणजे सर्व्हेच ना?

नाही, आणि हा विषय याच्याच जोरावर उभा आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सर्व्हेत प्रश्न आधी ठरलेले असतात. फील्डवर्कमध्ये आपल्याला काय विचारायचं हेच तिथं गेल्यावर कळतं. मालिनोव्स्की नावाचा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर लोकांमध्ये तंबू ठोकून राहिला, त्यांची भाषा शिकला, तिथून ही पद्धत रुजली. तुम्हाला एमएला काही आठवडेच मिळतील.

माझंच सांगते. ऊसतोड टोळ्यांवर एक काम होतं, बीड जिल्ह्यातली माणसं पश्चिम महाराष्ट्रातल्या एका फडावर आलेली. मी फॉर्म घेऊन एका कोपीत (टोळीच्या झोपडीत) गेले. बाई चुलीपुढं भाकरी थापत होती. मी विचारलं, घरातले काम करणारे किती? म्हणली, "दोन कोयते." मी रकान्यात दोन लिहिलं आणि पुढं गेले. चौथ्या कोपीत माझं डोकं चाललं, कारण तिथं "एक कोयता" म्हणणाऱ्या घरातून सकाळी मी दोघांना फडात जाताना बघितलं होतं. मग विचारल्यावर सगळ्याजणी हसायला लागल्या. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. उचल (आगाऊ पैसे) जोडीवर, हिशोब जोडीवर, मुकादमाच्या वहीत नाव मात्र नवऱ्याचं. म्हणजे फॉर्ममध्ये दोन लिहिलं तिथं चार माणसं होती आणि त्यातल्या दोन बायका वहीत कुठंच नव्हत्या. त्या दिवशीचे माझे सगळे फॉर्म बाद. पण कामाची गोष्ट तीच निघाली, खाडा झाला तर तो कुणाच्या नावावर पडतो, बाळंतीण फडावर कधी परत येते, वाढं (उसाचे शेंडे) विकून आलेला पैसा कुणाच्या हातात राहतो, हे सगळे प्रश्न त्या एका "कोयता" शब्दातून पुढं आले.

म्हणून सल्ला एवढाच, पहिले दोन-तीन दिवस वही पिशवीतच राहू द्या. तूर निवडायला बसा, पारावर बसा, चहा नको म्हणू नका.

७. माझं इंग्रजी कच्चं आहे, जमेल का?

पहिलं सेमिस्टर जड जातं, खोटं कशाला बोलू. पुस्तकं जवळजवळ सगळी इंग्रजीतच आहेत. पण फील्डवर उलटं होतं, पुण्याच्या फाडफाड बोलणाऱ्या पोरांना तांड्यावर तोंड उघडता येत नाही आणि आपली पोरं पाच मिनिटांत कुणाची कोण लागते ते काढून बसलेली असतात. रोज दोन पानं इंग्रजीत वाचा आणि त्याचं मराठीत चार ओळीत लिहा, वर्षभरात गाडी रुळावर येते. गोरमाटी, गोंडी, कोलामी यातलं काही घरात बोलत असतील तर ते सोन्यासारखं जपा, बाहेरच्याला ते शिकायला वर्षं जातात.

८. मॅडम, पोरगी म्हणते हेच शिकायचं. परक्या गावात मुक्काम, कसं पाठवावं?

हा प्रश्न बहुतेक वडील विचारतात, आई शेजारून ऐकत असते. काका, एमएचं फील्डवर्क गटानं असतं, सोबत शिक्षक असतात. पुढं एकटीचं काम आलं तर आम्ही गावातल्या एखाद्या घरात, शक्यतो आशाताई किंवा अंगणवाडीताईच्या ओळखीनं राहतो. आणि चुलीपर्यंत, बाळंतिणीच्या खोलीपर्यंत बाईच जाऊ शकते, पुरुष संशोधक ओसरीवरच थांबतो. इरावतीबाई पन्नास-साठ सालात मोजमापाची साधनं घेऊन खेडोपाडी फिरल्या, पंढरीच्या वाटेवर दिंडीसोबत चालल्या. तेव्हा तर मोबाईलही नव्हता.

९. नोकरी लागते का? खरं खरं सांगा.

लागते, पण "मानववंशशास्त्रज्ञ पाहिजे" अशी जाहिरात फार कमी येते. थेट विषयाच्या जागा म्हणजे भारतीय मानववंशशास्त्रीय सर्वेक्षण, १९४५ मध्ये सुरू झालं, मुख्यालय कोलकात्याला आणि आपल्याला जवळचं केंद्र नागपूर. तिथल्या वरच्या कायम जागा यूपीएससीमार्फत निघतात, शिवाय फेलोशिप असतात. पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. भोपाळला मानव संग्रहालय आहे, एकदा जाऊन याच, नोकरीसाठी नाही तरी. शारीरिक शाखावाल्यांना फॉरेन्सिककडं वाट आहे, सापळ्यावरून वय, लिंग, उंची काढणं हे त्यांच्या अभ्यासातलंच.

प्रत्यक्षात आमच्या बॅचमधले बरेच जण कुठं गेले म्हणाल तर आरोग्याचे प्रोजेक्ट, सीएसआर (कंपन्यांची सामाजिक कामं), संस्थांची मूल्यमापनं, आणि दोघं बेंगळुरूला ॲप बनवणाऱ्या कंपन्यांत यूजर रिसर्चला. शेतकरी ॲप उघडून कुठल्या बटणाला घाबरतो हे बघायला कंपन्यांना माणूस लागतो, आणि पगार आमच्यात सगळ्यात जास्त त्यांनाच.

प्रोजेक्टची नोकरी म्हणजे सहा महिने, अकरा महिने, मग परत हुडका. एका संस्थेसाठी मी पाच महिने गावं पालथी घातली, शेवटच्या दोन महिन्यांचे पैसे वर्षानं आले आणि रिपोर्टमध्ये नाव नाही. तेव्हापासून मी आधी कागद करून घेते: महिन्याला किती, प्रवास कुणाचा, रिपोर्टमध्ये नाव कुठं. तुम्हीही घ्या, लाजू नका.

घरी लगेच पैसा द्यावा लागणार असेल तर या विषयाला बीएडची किंवा दुसऱ्या कशाची तरी जोड ठेवा. प्राध्यापकीचं प्रश्न ११ मध्ये.

१०. यूपीएससीला ऑप्शनल म्हणून घेऊ का? त्यासाठी डिग्री लागते का?

डिग्री लागत नाही. दोन पेपर, २५० चा एक, एकूण ५००. पहिल्यात सिद्धांत, उत्क्रांती, नातेसंबंध, जनुकशास्त्र; दुसऱ्यात भारत आणि त्यातही आदिवासींचे प्रश्न बरेच. सिलॅबस आटोपशीर आहे आणि आकृत्या काढता येतात म्हणून इंजिनिअर-डॉक्टर लोक हा विषय घेतात. मराठीतून लिहिता येतं, पण मराठीत नोट्स कमी, त्या स्वतः काढाव्या लागतात. एमपीएससीच्या नव्या वर्णनात्मक पॅटर्नमध्येही ऑप्शनलच्या यादीत हा विषय आहे.

पण निस्तं यूपीएससीसाठी म्हणून दोन वर्षांची एमए करायला जाऊ नका, त्याला क्लासच्या नोट्स आणि वर्षभराचा अभ्यास पुरतो. आणि उलटं, विषय खरंच आवडत असेल तर यूपीएससीच्या गाईडवरून त्याची पारख करू नका, त्यात एकही कोपी नाही.

११. नेट, पीएचडी, फेलोशिप कसं असतं?

नेट म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, त्यासाठी एमएला ५५ टक्के लागतात, आरक्षित प्रवर्गाला ५०. नेटला मानववंशशास्त्र स्वतंत्र विषय आहे. जेआरएफ (नेटमधूनच मिळणारी संशोधन फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढं ४२,०००, वर घरभाडं. जेआरएफला साधारण ३० ची वयोमर्यादा आहे, प्रवर्गानुसार सूट मिळते. जेआरएफ हुकली तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएचडी फेलोशिपच्या जाहिराती बघत राहा.

प्राध्यापकीचा पेच मात्र असा आहे की आपल्या भागातल्या कॉलेजांत हा विषयच नाही तर जागा निघणार कुठून (प्रश्न ५ बघा). समाजशास्त्राच्या जागेवर अर्ज करायचा तर कुठं ग्राह्य धरतात, कुठं नाही, जाहिरातीतला "संबंधित विषय" हा शब्द नीट वाचा. माझ्या ओळखीच्या दोघांनी म्हणूनच समाजशास्त्रात दुसरी एमए आणि दुसरी नेट काढली.

१२. माझी व्हॅलिडिटी (जात-जमात पडताळणीचं प्रमाणपत्र) अडकलीय. मानववंशशास्त्रज्ञाचं पत्र जोडलं तर निघेल का?

नाही. आणि कुणी पैसे घेऊन असं पत्र देत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. गोंधळ कशामुळं होतो ते सांगते. सुप्रीम कोर्टानं १९९४ च्या माधुरी पाटील निकालात पडताळणीची पद्धत घालून दिली, त्यात दक्षता पथकानं जमातीच्या चालीरीती, देवदेव, लग्न-मर्तिकाचे विधी यांची माहिती घ्यायची असं आहे. त्यालाच आप्तभाव चाचणी म्हणतात. तिथं मानववंशशास्त्र येतं, पण ते समितीच्या संशोधन अधिकाऱ्याकडून, बाहेरून आणलेल्या चिठ्ठीतून नाही. आणि २०२३ मध्ये कोर्टानंच सांगितलं की ही चाचणी म्हणजे शेवटचा शब्द नाही, कारण शहरात तीन पिढ्या गेल्यावर पोराला कुलदैवताचं गाणं येत नाही म्हणून तो त्या जमातीचा नाही असं होत नसतं. सगळ्यात वजन जुन्या कागदाला, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीच्या नोंदीला. आपल्याकडं निजामाच्या काळातल्या उर्दू नोंदी असतात, शाळेचं रजिस्टर वगैरे, ते आधी हुडका.

१३. याच शास्त्रानं आमच्या समाजाला गुन्हेगार ठरवलं. मी पारध्याचा पोरगा, मी हे का शिकू?

हा प्रश्न एकाच पोरानं विचारला होता, नंतर वेगवेगळ्या शब्दांत अजून तिघांनी. तुझा राग खरा आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, जन्मावरून माणसाला चोर ठरवणारा, तो १९५२ पर्यंत चालला, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षं. त्याच काळात रिस्ले नावाचा अधिकारी नाकाची रुंदी मोजून जातींची उतरंड लावत होता. आमच्या विषयाच्या कपाटात हेही आहे आणि ते लपवून शिकवणारा शिक्षक भेटला तर त्याला तोंडावर विचार.

पण त्याच कपाटात दुसरंही आहे. इरावतीबाई बर्लिनला शिकायला गेल्या तेव्हा त्यांचे गाईड गोऱ्यांचं श्रेष्ठत्व कवटीतून सिद्ध करू बघत होते, बाईंनी कवट्या मोजल्या आणि असला फरक निघत नाही असं त्यांनाच लिहून दिलं. आणि ९ मे १९१६ ला कोलंबिया युनिव्हर्सिटीत, मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये, पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. रंग-वंशाचं सगळं बाजूला सारून त्यांनी बोट ठेवलं ते लग्नावर, की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्यामुळं. याच बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद कॉलेज उभं केलं, आपल्या कितीतरी जणांचे आजोबा तिथं शिकले, आणि तो निबंध मानववंशशास्त्राचा होता हे मला मात्र एमएला गेल्यावर कळलं.

ज्याची मापं घेतली त्याचीच पोरं टेप हातात घ्यायला लागली की प्रश्न बदलतात. तू ये किंवा नको येऊ, तुझी मर्जी, पण "ते तुमचं शास्त्र आहे" असं म्हणू नको.

१४. संशोधनाला विषय मराठवाड्यातला घेऊ का? सर म्हणतात इथं काही नाही, गडचिरोलीला जा.

सरांना किनवटला न्या. गोंडांचे पुढारी कुमराम भीम यांच्या १९४० च्या उठावानंतर निजाम सरकारनं हायमेनडॉर्फ नावाच्या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांमध्ये काम करायला बोलावलं, त्यानं आदिलाबादच्या राजगोंडांवर लिहिलेलं पुस्तक १९४८ मध्ये आलं, आणि किनवट तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातच होतं, १९५६ ला आपल्याकडं आलं. त्याच पट्ट्यात कोलाम आहेत, हिंगोली-कळमनुरीकडं आंध आहेत, बंजारा तांडे तर सगळीकडं. जमातच पाहिजे असंही नाही. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर माळवदाच्या वाड्यांतून सिमेंटच्या घरात आलेली गावं आहेत, शेजार मोडला, पार गेला, देवळं नवीन झाली, तीस वर्षांनी तिथली नवी पिढी काय म्हणते? मोंढ्यातले हमाल, दर्ग्याचा उरूस, लग्न न जमणारी शेतकऱ्याची पोरं. विषय पायाखाली पडलेत.

१५. स्वतःच्याच गावात फील्डवर्क केलं तर चालतं का?

चालतं, पण दिसतं तेवढं सोपं नाही. परक्याला लोक सगळं उकलून सांगतात, तुम्हाला म्हणतात, "तुला काय माहीत नाही का?" तुमच्या घराण्याची भांडणं तुमच्या आधी गावात पोचलेली असतात, आणि ज्या आळीत तुमची आजी कधी गेली नाही तिथं तुम्ही वही घेऊन गेलात की दोन्हीकडून डोळे लागतात. मी पहिलं काम आजोळी केलं, मामाच्या बांधाची केस चालू होती, अर्ध्या गावानं मला वकिलाची माणूस समजून तोलूनमापून उत्तरं दिली. शक्य असेल तर पहिलं काम शेजारच्या तालुक्यात करा, दुसरं आपल्या गावात.

१६. लोक विचारतात घरकुल मिळंल का, रेशनकार्ड होईल का. काय सांगायचं?

पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायचं की मी सरकारी माणूस नाही आणि माझ्याकडून काही मिळणार नाही. बळंच आशा लावून माहिती काढली तर ती माहितीही खोटी निघते, कारण लोक गरिबी वाढवून सांगतात. पण फॉर्म भरून देणं, दवाखान्यात सोबत जाणं, एवढं माणूस म्हणून करावंच. फोटो आणि रेकॉर्डिंग विचारल्याशिवाय नाही, नाव बदलून लिहायचं, आणि लिहून झालं की त्या गावात जाऊन वाचून दाखवायचं. शेवटचं बहुतेक जण करत नाहीत.

१७. नोट्स मोबाईलवर घ्याव्या का वहीत?

वहीत, आणि रोज रात्री, कितीही झोप आली तरी. मोबाईल काढला की समोरच्याचं बोलणं बदलतं. पण एकाच जागी ठेवू नका, श्रीनिवास यांची रामपुरा गावाची वर्षानुवर्षांची टिपणं १९७० मध्ये अमेरिकेत आगीत गेली आणि त्यांना बरंचसं पुस्तक आठवणीवर लिहावं लागलं. ते श्रीनिवास होते म्हणून जमलं, आपल्याला परवा काय जेवलो ते आठवत नाही. आठवड्याला वहीच्या पानांचे फोटो काढून स्वतःलाच मेल करा, शाईपेन वापरू नका, आणि फडावर मुक्काम असेल तर वही प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून उशाखाली घ्या, पहाटे कोपीत दव टपकतं.